पेटीवर छापलं होतं ‘राज्य मिळवा’

आमचं प्रकाशन बंद पडलं नाही, हे आधीच सांगून टाकते. पुढचं सगळं वाचताना कुणाच्या जिवाला घोर नको. आमच्या जिवाला तो पुरेसा लागला होता.

मी या प्रकाशनात पुस्तकं सोडून बाकी सगळं सांभाळते. कागद कधी येणार, छापखान्यात काय अडलं, कुठल्या शाळेत काय पोचवायचं, पाणी भरायला कोण आलं नाही. माझ्या टेबलावर रोज सकाळी कामांची यादी असते आणि संध्याकाळी तिच्यावर रेघा ओढलेल्या असतात. रेघ ओढायची राहिली की मला जेवण गोड लागत नाही. लग्न होऊन मी वलवणला आले आणि त्याच वर्षी लोणावळ्यातल्या या ऑफिसात टायपिंगला लागले. टायपिंग गेलं, मी राहिले.

प्रकाशन भाऊंचं. भाऊ म्हणजे आमचे मालक. परंदवडीच्या शेतकरी घरातले. भातशेतीत मन रमेना म्हणून तळेगावात एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला शिकले आणि तिथून डोक्यात किडा शिरला, की आपणही काहीतरी छापावं. लोणावळ्याला सहलीला येणारे लोक लोहगड, विसापूर, कार्ल्या-भाज्याची लेणी विचारत फिरतात आणि त्यांना धड सांगणारं कुणी नसतं, हे त्यांनी हेरलं. मग सगळ्या वाटा स्वतः चालून त्यांनी पातळ पातळ पुस्तिका काढल्या. वाट कुठून, पाणी कुठं, दरवाजा कुणी बांधला, शेवटची एसटी कधी. भाऊंचं लिहिणं अगदी शुद्ध. बोलणं मात्र अजूनही मावळी. कुणी चेष्टा केली तर म्हणतात, “पुस्तकात लोकांची भाषा, तोंडात माझी.”

पुस्तिका खपायच्या. त्या घेणाऱ्या आया विचारायच्या, पोरांना गाडीत गप्प बसवायला काही आहे का? म्हणून कोड्यांच्या वह्या काढल्या. कोडी पाहून शाळा आल्या, म्हणून स्वाध्याय पुस्तिका निघाल्या. मग प्रत्येकाच्या खिशातल्या फोनला गडाची वाट कळायला लागली आणि आमच्या पुस्तिका कपाटात राहिल्या. त्यात शाळा बंद ठेवायचे दिवस आले आणि स्वाध्यायांचे गठ्ठेही त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

त्याच दिवसांत भाऊंची मुलगी घरी आली होती. बंगळूरची नोकरी लॅपटॉपवर आणून ऑफिसच्या माडीवर बसलेली. तिला सगळे ताई म्हणतात. मी तिला परकरात पाहिलेली आहे, तरी मीही ताईच म्हणते आणि ती मला मावशी. इमारतीतली पोरं जिन्यात धिंगाणा घालायची. त्यांना गप्प करायला तिने पडून असलेल्या कोऱ्या पुठ्ठ्यावर सापशिडी काढली. सापांच्या जागी घाटातली वळणं आणि शिडीच्या जागी गडाच्या पायऱ्या. पोरं दिवसभर हलेनात. भाऊ येऊन पाहून गेले, खाली आले आणि मला म्हणाले, “छापायचं का?” आमच्याकडे खेळ आले ते असे. नोकरी पुढे सुटली. सोडली की सुटली, हे मी कधी विचारलं नाही.

लोक विचारतात, तुम्ही नेमकं विकता तरी काय? मी सांगते, कागद. कधी वाचायचा, कधी सोडवायचा, कधी त्यावर सोंगट्या ठेवायच्या.

खेळांनी तीनेक वर्षं तारलं. पण ते सुट्टीच्या हंगामात खपणार आणि उरलेलं वर्षभर कपाट अडवणार. गेल्या वर्षी गणपती उठल्यावर भाऊंनी ताईला आणि मला समोर बसवलं.

“आता ह्यो एकच डाव,” ते म्हणाले. “ह्यो लागला तर ठीक. न्हाईतर दिवाळी झाली की शटर वढायचं.”

“भाऊ, असं काय बोलता?” ताई म्हणाली.

“मी कुटं रडतोय? सांगतोय. मला आता लय झेपत न्हाई.”

ऑफिसचा पुढचा गाळा आम्ही आधीच एका चिक्कीवाल्याला दिलेला होता. मागचाही त्याला हवाच होता. माणूस वाईट नाही, पण जीभ तिखट. रोज सकाळी डोकावून म्हणायचा, “काका, कागदाला वाळवी लागते, चिक्कीला गिऱ्हाईक लागतं.” भाऊ म्हणायचे, “आन् दोघांना मुंग्या.” पण त्या महिन्यात त्यांनी उत्तर द्यायचं सोडलं होतं. तेव्हा मला खरं कळलं, की भाऊंचं ठरत आलंय.

डाव कोणता, ते सांगते. एक संस्था आहे, शाळांना शिकवण्याचं साहित्य पुरवते. त्यांना नागरिकशास्त्रासाठी एक खेळ हवा होता. गावाचा कारभार कसा चालतो, हे मुलांना खेळता खेळता कळलं पाहिजे. त्यांना पसंत पडला तर त्यांच्या सगळ्या शाळांत तो जाणार आणि दर वर्षी लागणार. म्हणजे आमचं कपाट रिकामं आणि शटर वर. नाही पडला, तर भाऊंनी सांगितलेलंच आहे. या वयात नवीन नोकरी शोधायची म्हणजे काय, याची यादी मी करून पाहिली होती. ती फार लांबली नाही.

ताईने खेळ सुरेख केला. मध्ये गावाचा नकाशा. एका रंगाच्या पत्त्यांवर गावाच्या अडचणी, म्हणजे साकव वाहून गेला, दिवे लागत नाहीत, बिबट्या आला. दुसऱ्या रंगाच्या पत्त्यांवर उपाय. आणि एकच सोनेरी पत्ता, त्यावर भाऊंच्या आवडीचा बुरूज आणि खाली मोठ्या अक्षरात ‘राज्य’. अडचणी सोडवायच्या, सोनेरी पत्ता पटकवायचा आणि शेवटी ज्याच्या हातात राज्य, तो जिंकला. पेटीच्या झाकणावर छापलं, ‘राज्य मिळवा’.

प्रुफं ताईने वाचली, मी वाचली, भाऊंनी भिंग घेऊन वाचली. ऱ्हस्व-दीर्घ काटेकोर तपासलं. ‘विहीर’मधली दुसरी वेलांटी ऱ्हस्व पडली होती, ती भाऊंनी पकडली आणि दिवसभर खुशीत होते. संस्थेला दाखवायला थोड्या पेट्या आधी छापून घेतल्या. पुढच्या बुधवारी संस्थेच्या मॅडम येऊन मुलांना खेळताना बघणार होत्या. त्याआधी शुक्रवारी आम्ही स्वतः एकदा बघून घेऊ, असं मी ठरवलं. न बघता माल बाहेर काढायचा नाही, हा माझा नियम आहे.

धरणाच्या पलीकडच्या अंगाला, डोंगराच्या पोटात एक वाडी आहे. तिथल्या शाळेतल्या बाई आमच्या ओळखीच्या. पाचवी-सहावीची मुलं त्यांनी गटागटाने बसवून ठेवली होती. ताईने नियम समजावले. मुलांनी माना डोलावल्या. खेळ सुरू झाला आणि सुरुवात तर छान झाली. साकव बांधले, दिवे लावले, बिबट्याला पिंजरा लावला.

मग पहिल्या गटात सोनेरी पत्ता निघाला.

“ए, मला नको. तू घे.”

“म्या का घिऊ? तुझ्या हाताला लागलाय ना?”

“बाई, ही बघा चीटिंग करती! माझ्या मांडीखाली सारती!”

दुसऱ्या गटात एका मुलाने तो पत्ता चक्क शेजारच्याच्या दप्तरात कोंबला. तिसऱ्या गटात एक मुलगी जिंकायला आली होती. तिच्याकडे सगळे उपाय होते, फक्त सोनेरी पत्ता उचलायचा बाकी. ती हात मागे बांधून बसली. ताई तिच्याजवळ वाकून म्हणाली, “अगं, उचल ना, तू जिंकलीस.” तिने मान हलवली आणि हात आणखी घट्ट बांधले.

खेळ तिथेच बसला. ताईचा चेहरा उतरला. बाई बिचाऱ्या ओशाळून म्हणाल्या, “एरवी असं करत नाहीत हो. नवीन माणसं बघून बुजली असतील.” भाऊ मागच्या बाकावर बसले होते. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

मधली सुट्टी झाली. आम्ही वऱ्हांड्यात डबे उघडले, पण ताईने घास घेतला नाही. ती म्हणत होती, नियम लांबलेत. मी म्हणत होते, पत्त्याचा रंग चुकलाय, मुलांना तो दंडाचा पत्ता वाटतोय. भाऊ म्हणाले, “सोडा. नशिबात नसंल.” भाऊंच्या तोंडी नशीब हा शब्द मी तोवर ऐकला नव्हता. गडाची वाट चुकली तरी ते नशिबाला नाही, नकाशाला दोष देत.

समोर अंगणात तीच मुलं गोल करून उभी होती. एकावर एक तळवे ठेवायचे आणि एकदम वर उचलून कुणी उलटे, कुणी सुलटे टाकायचे. ज्याचा वेगळा पडला तो बाहेर. “सुटलो! सुटलो!” म्हणून एकेक जण उड्या मारत बाजूला होत होता. शेवटी एकटा पोरगा उरला, त्याने कपाळावर हात मारला आणि सगळी वाडी दणाणेल अशी आरोळी उठली, “राज्य तुझ्यावर! राज्य तुझ्यावर!”

माझ्या तोंडातला घास तसाच राहिला.

“ताई,” मी म्हटलं, “लहानपणी तुझ्यावर राज्य आलं की तू काय करायचीस?”

“कसलं राज्य?”

“लपाछपीतलं.”

“रडायचे,” ती म्हणाली. “टॅम्प्लीज घेऊन घरी पळून—” आणि थांबली. माझ्याकडे बघितलं, अंगणात बघितलं, मांडीवरच्या पेटीकडे बघितलं. “अरे देवा,” म्हणाली. “मावशी, अरे देवा.”

आम्हा तिघांनाही तो शब्द पक्का माहीत होता. तिघांचंही बालपण त्याला टाळण्यात गेलेलं. पण इतकी वर्षं गडांच्या पुस्तिका काढून काढून आमच्या डोळ्यांना राज्य म्हटलं की बुरूजच दिसायचा. प्रुफं वाचताना ‘ज्य’ नीट उमटलाय का, एवढंच आम्ही पाहिलं. आणि मुलांना आम्ही सांगत होतो, की बाळांनो, ज्याच्यावर राज्य येईल तो जिंकला! कोण शहाणं पोर हात लावील?

भाऊंना सांगितलं, तर आधी त्यांना कळेचना. कळल्यावर ते जे हसायला लागले, की बाईंनी धावत जाऊन पाणी आणलं.

“आरं, परंदवडीत मी राज्य आलं की पार मावशीच्या घरला जाऊन लपायचो,” ते डोळे पुसत म्हणाले. “आन् पेटीवर काय लिवलंय? राज्य मिळवा! मिळवा म्हनं!”

हसून झाल्यावर मात्र मी बोटांवर दिवस मोजले. बुधवार चार पावलांवर होता.

परतीच्या वाटेवर ताई शब्द शोधायला लागली. सिंहासन, गादी, सत्ता, मुकुट. भाऊ म्हणाले, “खुर्ची ठेव. म्हंजी मोठी मानसंबी खेळतील.” मला हसू आलं, पण माझं डोकं दुसरीकडे चाललं होतं. शब्द बदलायचा तर पत्ता बदलला, पट बदलला, झाकण बदललं. छापखाना बुधवारच्या आत हे देणार नाही, हे मला विचारायचीही गरज नव्हती. नियमांचा कागद मात्र एकच, आणि तो आमच्या ऑफिसातल्या यंत्रावर निघतो.

“शब्द राहू दे,” मी म्हटलं. “नियम उलटा करू.”

“म्हणजे?”

“मुलांना जे माहीत आहे तेच ठेवू. राज्य आलं की काम आलं. ज्याच्यावर राज्य, त्याच्याकडे बाकीच्यांनी अडचणी घेऊन जायचं. त्याने सगळ्यांना उपाय दिले तर तो सुटला आणि राज्य पुढच्यावर. नाही दिले तर बस तिथेच.”

ताईने गाडी बाजूला घेऊन थांबवली. मागून भाऊ म्हणाले, “ज्याच्यावर राज्य त्यानं पळायचं आन् बाकीच्यांनी मागं लागायचं. मग ह्येच की नागरिकशास्त्र. आपुन येवढा येळ काय शिकवत हुतो?”

शनिवारी ताईने नवे नियम लिहिले. पहिल्यापेक्षा निम्मे झाले, कारण निम्मे मुलांना पाठच होते. सोडवलेली अडचण कुणाची, उपाय संपले तर काय, एकट्याला कितीदा राज्य यावं, अशा शंकांची यादी माझ्याकडे होती. एकेक घेऊन आम्ही मिटवली. खेळून बघायला माणूस कमी पडला म्हणून चिक्कीवाल्याला बोलावलं. पहिल्याच फेरीत त्याच्यावर राज्य आलं आणि भाऊंनी त्याला असं धरलं, की बाहेर गिऱ्हाईक हाका मारतंय आणि हा आत बसून नळ दुरुस्त करतोय.

“काका, सोडा की मला!”

“आधी पानी सोड. गाव तहानलंय.”

तो शेवटी हात जोडून उठला. दुकानात जाताना वळून म्हणाला, “खेळ चांगलाय. पन मी परत येणार न्हाई.” मला ती सगळ्यात मोठी पावती वाटली.

झाकणाचं काय, ते उरलं होतं. आमच्याकडे डिंक लावलेला कागद पडून होता. त्यावर ‘राज्य कोणावर?’ असं छापून पट्ट्या कापल्या आणि जुन्या अक्षरांवर चिकटवल्या. सरळ बसल्या. उजेडात धरलं तर खालचं ‘मिळवा’ किंचित दिसत होतं, म्हणून मी ताईला सांगितलं, मॅडमना खिडकीकडे बसवू नकोस.

बुधवारी मॅडम त्याच वाडीच्या शाळेत आल्या. पुण्याच्या, नीटनेटक्या, बोलणं मोजकं. त्यांनी पेटी हातात घेऊन खालीवर पाहिली, नियम वाचले, भुवई वर केली आणि खिडकीकडेच जाऊन बसल्या. भाऊ आज आत आलेच नाहीत, वऱ्हांड्यात खांबाला टेकून राहिले. मला त्यांची पाठ दिसत होती.

ताईने या वेळी नियमांचा कागद उघडलाच नाही. सोनेरी पत्ता वर धरून एवढंच म्हणाली, “हे राज्य. ज्याच्यावर येईल तो सरकार, अडचणी त्याच्याकडे न्यायच्या. कुणावर, ते तुम्ही ठरवा.” लगेच तळव्यांवर तळवे पडले. “सुटलो! सुटले!” वर्गात नुसता कल्ला. शुक्रवारी हात बांधून बसलेल्या त्या मुलीवरच राज्य आलं.

“सरकार, आमचा साकव वाहून गेला!”

“घ्या साकव.”

“सरकार, दवाखान्यात डाक्टर न्हाई!”

“घ्या डाक्टर. हां, अजून?”

“सरकार, आमच्या हितं बिबट्या आलाय, म्हस खाल्ली!”

तिच्याकडे पिंजऱ्याचा पत्ता नव्हता. “ओ, जरा दम धरा ना,” ती म्हणाली. “बिबट्या काय दम धरतोय व्हय?” तिकडून उत्तर. तिने शेजारच्या गावाकडून, म्हणजे शेजारच्या गटाकडून, पिंजरा उसना मागितला, बदल्यात दिव्यांचा पत्ता दिला आणि सुटली. ही अदलाबदल आमच्या नियमांत नव्हती. ताईने माझ्याकडे पाहिलं, मी मान डोलावून टिपून घेतलं.

मग दुसऱ्या गटातून, पत्ता-बित्ता काही न बघता, एक आवाज आला, “सरकार, शाळंच्या संडासच्या दाराला कडी न्हाई! येकीनं आत जायचं, येकीनं भाईर हुभं ऱ्हायचं!”

सगळा वर्ग हसला. बाईंचा चेहरा लाल झाला. मी डोळे मिटले. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि ज्याच्यावर राज्य होतं त्या मुलाला विचारलं, “मग? काय करणार सरकार?”

तो गडबडला. पत्ते चाळले, कडी कशातच नव्हती. मग बाईंकडे बघून म्हणाला, “बाई, माज्या बापाकडं कडी हाय. गोठ्याची. आनू का?”

“आण रे बाबा,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनाही हसू आलं.

मॅडमनी त्याला जवळ बोलावलं. “राज्य आलं तर वाईट का वाटतं रे?”

“समदे आपल्याच मागं लागत्यात ना!”

“आणि सुटलं की?”

“मंग आपुन बी लागायचं.”

मॅडम पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. “आमच्या चाळीत मी कायम लिंबूटिंबू होते,” त्या आम्हाला म्हणाल्या. “राज्य कधी आलंच नाही माझ्यावर. फार राग यायचा त्याचा.” मग पेटी बंद करता करता म्हणाल्या, “आम्हाला हा हवा. सगळ्या शाळांना. अदलाबदलीचा नियम तेवढा घाला. आणि ही झाकणावरची पट्टी—”

“छपाईत जाईल,” मी त्यांचं वाक्य संपायच्या आत म्हणाले.

मी वऱ्हांड्यात गेले. भाऊंनी सगळं ऐकलं होतं. तरी म्हणाले, “काय म्हनल्या?”

“हवा म्हणाल्या. सगळ्या शाळांना.”

“परत सांग.”

मी परत सांगितलं. त्यांनी टोपी घातली, काढली, परत घातली आणि पायरीवर बसले. ताई बाहेर आली, त्यांच्या शेजारी बसली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. भाऊ तिला थोपटत म्हणाले, “आगं, ती मॅडम बघंल, तिला वाटंल खेळात काय तरी वाईट हाय.” माझ्या पाठीत कित्येक दिवस एक दगड बसलेला होता. तो नेमका कधी उतरला कळलं नाही, पण मला एकदम सडकून भूक लागली. बाईंच्या डब्यातली अर्धी भाकरी मी उभ्या उभ्या खाल्ली.

परतताना गाडीत भाऊ मागे बसले. धरणाच्या भिंतीपर्यंत बोलत होते. दिवाळीआधी कागद मागवायला हवा, जुन्या गडांच्या पुस्तिकांमधून मुलांसाठी आणखी एखादा खेळ निघेल. मग मध्येच वाक्य तुटलं. आरशातून पाहिलं तर मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून गाढ झोपलेले.

“गणपतीपासून रात्रभर फेऱ्या मारतायत,” ताई हळूच म्हणाली. “विचारलं तर ओरडतील म्हणून मी कधी विचारलं नाही.”

ऑफिससमोर गाडी लावली, पण त्यांना उठवायचं धाडस दोघींनाही होईना. काचा खाली करून आम्ही पेट्या एकेक करून आत नेल्या. चिक्कीवाला विचारायला बाहेर आला, तर ताईने ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताने पेटी उंचावून दाखवली. त्याला कळलं. त्याने दुकानापुढचा चिक्कीचा स्टँड न वाजवता सरकवला आणि आम्हाला वाट करून दिली.

आत जाऊन मी छापखान्याला फोन लावला, नव्या झाकणाचं सांगायला. खिडकीतून गाडी दिसत होती, म्हणून अगदी दबक्या आवाजात.

“मोठ्यानं बोला मॅडम,” पलीकडून आलं. “काही ऐकू येत नाही.”

“राहू द्या,” मी म्हटलं. “भाऊ उठले की करते.”